कापूस नांगरल्याचा मोबदला आणि पोइन्सेट काउंटीतील वाटेकरी

अमेरिकेतील शेतकऱ्याला संघराज्याच्या तिजोरीतून थेट रक्कम देण्याची व्यवस्था 12 मे 1933 रोजी मंजूर झालेल्या कृषी समायोजन कायद्याने मोठ्या प्रमाणावर सुरू झाली. कापसाचा भाव आदल्या वर्षी पौंडाला पाच सेंटांच्या आसपास घसरला होता. भाव चढायचा तर बाजारातला माल घटला पाहिजे, या हिशेबाने सरकारने उभे पीक मोडण्याबद्दल मोबदला देऊ केला आणि त्या उन्हाळ्यात सुमारे एक कोटी एकरांवरील कापूस नांगराखाली गेला. दोन ओळींच्या मधूनच चालण्याची सवय लावलेली खेचरे झाडांवर पाय ठेवायला तयार होईनात, असे त्या हंगामाविषयी सांगितले जाते. पीक नासवण्याच्या या धोरणावर टीका पुष्कळ झाली. मात्र मोबदला कोणाच्या हाती पडला, हा प्रश्न त्याहून अधिक गंभीर होता.

तो प्रश्न आर्कान्सा राज्यातील पोइन्सेट काउंटीत ठळकपणे पुढे आला. काउंटी म्हणजे राज्याखालील प्रशासकीय विभाग, साधारणपणे आपल्या जिल्ह्यासारखा. मिसिसिपीच्या गाळाच्या जमिनीवरील इथली कापूसशेती बहुतांशी अर्धेलीवर चाले: जमीन, खेचरे, अवजारे आणि बियाणे मालकाचे, राबणे वाटेकऱ्याच्या कुटुंबाचे आणि उत्पन्न निम्मेनिम्मे, पण हंगामभर उधारीवर घेतलेल्या धान्य-कपड्याची रक्कम वजा झाल्यावर वाटेकऱ्याच्या पदरात फारसे काही उरत नसे. 1934-35 साठी उभे पीक मोडण्याऐवजी जमीनच पडीक ठेवण्याचा करार सरकारने मालकांशी केला; त्यानुसार अशा जमिनीच्या भाड्यापोटी, सरासरी उताऱ्याच्या दर पौंडामागे, साडेतीन सेंट मिळत आणि भावातील तूट भरून काढण्यासाठी आणखी एक सेंट. अर्धेलीच्या शेतात भाडे सबंध मालकाचे आणि त्या एका सेंटाचीच वाटणी, म्हणजे मालकाला चार सेंट आणि वाटेकऱ्याला अर्धा. कराराची अंमलबजावणी स्थानिक शेतकऱ्यांच्या काउंटी समितीकडे होती, आणि दक्षिणेत अशा समित्यांवर मोठ्या जमीनमालकांचेच वजन असे.

पेरा घटला तेव्हा माणसेही जास्तीची झाली. वाटेकऱ्यांची नेहमीची संख्या शक्य तितकी कायम ठेवावी, असे कराराच्या सातव्या कलमात म्हटले होते, परंतु ‘शक्य तितकी’ या दोन शब्दांतून बैलगाडी जाईल एवढी वाट होती. टायरोन्झा गावाजवळच्या एका मोठ्या जमिनीवरून कुटुंबे काढली गेली आणि जुलै 1934 मध्ये त्याच परिसरात गोऱ्या व काळ्या वाटेकऱ्यांनी एकत्र येऊन ‘सदर्न टेनंट फार्मर्स युनियन’ स्थापन केली, जी गोष्ट त्या काळच्या दक्षिणेत धाडसाचीच होती. संघटना न्यायालयात गेली. करार सरकार व मालक यांच्यातला असून वाटेकरी त्यात पक्षकार नाहीत, या कारणावरून तिचा दावा टिकला नाही. पूर्वीचीच कुळे ठेवणे बंधनकारक आहे, असा सातव्या कलमाचा अर्थ लावणारे कृषी समायोजन प्रशासनातील विधी अधिकारी जेरोम फ्रँक आणि त्यांचे काही सहकारी फेब्रुवारी 1935 मध्ये पदावरून दूर झाले.

सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 1936 मध्ये कायद्याचा गाभा रद्द केला, तरी मृद्‌संधारणाच्या नावाने रकमा चालू राहिल्या. पुढे वाटेकऱ्याचा हिस्सा वाढवून तो थेट त्याला देण्याचे नियम झाले, तेव्हा अनेक मालकांनी त्याला रोजंदारीवर आणले; मजुराला हिस्सा देय नव्हता. 1970 च्या कायद्याने एका व्यक्तीला एका पिकामागे 55,000 डॉलरांची मर्यादा घातली, तर मोठ्या शेतांची कागदोपत्री वाटणी नातलग, भागीदाऱ्या आणि कंपन्या यांच्यात झाली. फांद्यांवर फांद्या काढलेल्या या रचनेला ‘मिसिसिपी ख्रिसमस ट्री’ असे नाव पडले, आणि 1987 मध्ये एका व्यक्तीला तीनहून अधिक घटकांमार्फत रक्कम घेता येणार नाही, असा नियम करावा लागला.