पानावरील चित्राची जागा

ज्या श्रोत्यांनीं विजयदुर्गचा किल्ला पाहिला असेल, त्यांना तेथील ‘साहेबाचे ओटे’ आठवत असतील. हे साहेब म्हणजे नॉर्मन लॉकियर हे इंग्रज ज्योतिर्विद. या ओट्यांचें छायाचित्र पुस्तिकांतून व स्मरणिकांतून वारंवार छापलें जातें, आणि त्याच्या शेजारीं पुष्कळदां एकच वाक्य असतें: १८६८ सालीं लॉकियर यांनीं येथून सूर्यग्रहण पाहून हेलियमचा शोध लावला. चित्र खरें, ओटे खरे, साहेबही खरा. चूक आहे ती शेजाराची.

१८ ऑगस्ट १८६८ रोजीं खग्रास ग्रहणाची छाया कोंकणचा किनारा ओलांडून जमखंडीवरून पुढें गुंटूरकडे गेली. फ्रेंच ज्योतिर्विद जान्सेन हे गुंटूरला दुर्बीण लावून बसले होते. लॉकियर त्या दिवशीं इंग्लंडांतच होते. त्याच वर्षीं २० ऑक्टोबरला, ग्रहण नसतांना, त्यांनीं आपल्या वर्णपटदर्शक यंत्रांतून सूर्याच्या कडेवरील ज्वाला पाहिल्या. त्या ज्वालांच्या वर्णपटांतील एक पिवळी रेषा सोडियमच्या रेषांशीं जुळेना. जें अज्ञात द्रव्य तिच्या मागें असावें असें मानलें गेलें, त्याला हेलियम हें नांव पडलें. आणि १८९५ सालीं रॅम्से यांनीं तें पृथ्वीवरील एका खनिजांतून वेगळें काढलें. लॉकियर विजयदुर्गास आले ते त्यानंतर तीन वर्षांनीं, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठीं.

एखादें वाक्य चुकीचें असलें तर वाचक तें विसरूं शकतो. पण त्याला चित्र जोडलें कीं तें वाक्य डोळ्यांत बसतें. ‘हे पहा ओटे’ म्हटल्यावर सालाची चौकशी करतो कोण? म्हणूनच पानावर चित्र कोठें व कोणत्या शब्दांच्या सोबतीनें बसवावें, हा प्रश्न शोभेचा नाहीं.

विजयदुर्गास आलेल्या मंडळींना हा प्रश्न निराळ्या रूपांत भेटला होता. खग्रास अवस्था सुमारें दोन मिनिटांची. तेवढ्यांत जें दिसेल त्याचें चित्र हातीं लागलें पाहिजे. लोलक बसविलेल्या कॅमेऱ्यांनीं वर्णपटाच्या कांचा घेतल्या गेल्या, आणि ‘मेल्पोमीनी’ या युद्धनौकेवरील खलाशी व अधिकारी मदतीला होते. त्यांच्यापैकीं कांहींजण सूर्याभोंवतींचें प्रभामंडल पाहून हातानें रेखाटीत होते. त्याच दिवशीं पुण्याच्या वेधशाळेचे कावसजी दादाभाई नेगमवाला हे सोलापूर जिल्ह्यांतील जेऊर येथें आपलीं उपकरणें घेऊन उभे होते. हातानें काढलेलीं प्रभामंडलाचीं दोन चित्रें एकमेकांशीं क्वचितच जुळतात, हा त्या शतकांतील ज्योतिर्विदांचा जुना अनुभव. कांचेवरचें चित्र अधिक विश्वासाचें. पण तें छापील पानावर अक्षरांच्या शेजारीं आणणें हीच मोठी अडचण होती.

आपल्याकडील जुन्या हस्तलिखित पोथ्यांत ही अडचण नव्हती. लेखक पानांत जागा मोकळी सोडी, चितारी ती भरी. शिळाछापानेंही ती सोय टिकविली. मुंबईंत गणपत कृष्णाजी यांनीं १८३१ सालीं शिळाछापखाना काढला व पंचांग छापलें. दगडावर तेलकट शाईनें जें उमटेल तें कागदावर उतरे. मग तें अक्षर असो वा गणपतीची सोंड असो, दगडाला दोन्ही सारखींच. त्यामुळें चित्राच्या कडेनें ओळ वळविणें किंवा कोपऱ्यांत वेल काढणें सहज होई.

खिळ्यांचा छाप आला आणि हें स्वातंत्र्य गेलें. ज्या लोखंडी चौकटींत शिशाचे खिळे आवळून बसवायचे, तिच्यांतच चित्राचा ठसाही बसवावा लागे. लांकडावर कोरलेला ठसा खिळ्याच्या नेमक्या उंचीचा हवा. केसभर उंच झाला तर कागद फाटे, केसभर बुटका झाला तर चित्र फिकें उमटे. चित्राच्या बाजूनें मजकूर न्यायचा तर जुळाऱ्याला तेवढ्या ओळी आंखूड मापानें पुन्हा जुळवाव्या लागत. ही मेहनत टाळण्यासाठीं चित्र बहुधा दोन परिच्छेदांच्या मधोमध टाकीत.

पुढें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बारीक ठिपक्यांचे, म्हणजे हाफटोनचे, ठसे आले आणि छायाचित्र जसेंच्या तसें छापतां येऊं लागलें. पण ते ठिपके खरबरीत कागदावर फिसकटत. म्हणून चित्रें गुळगुळीत कागदावर स्वतंत्र छापून पुस्तकांत मागाहून चिकटवीत, आणि खालीं ‘पान अमुक समोर’ असें लिहीत. बांधणाराचा हात चुकला कीं चित्र भलत्याच प्रकरणासमोर जाऊन बसे. १८९५ सालीं ‘मनोरंजन’ मासिक काढणारे काशिनाथ रघुनाथ मित्र हे मूळचे आजगांवकर, याच किनाऱ्याकडचे. त्यांनीं १९०९ सालीं मराठींतील पहिला दिवाळी अंक काढला, त्यांत मजकुराबरोबर चित्रें व छायाचित्रें होतीं. तशा अंकामागें ठसे करणारा, जुळारी, छापणारा व बांधणारा असे चार कसबी हात राबत असत, हें आजच्या वाचकाच्या ध्यानीं येत नाहीं.

तें सगळें काम आतां एका मेजावर आलें आहे. १९८१ सालच्या झेरॉक्स कंपनीच्या ‘स्टार’ यंत्रावर अक्षरें व चित्रें एकाच पानांत दिसूं लागलीं. १९८४ सालच्या ‘मॅकराइट’मध्यें चित्र चिकटवितां येई, पण तें स्वतंत्र ओळ अडवून बसे, बाजूनें मजकूर वाहत नसे. खिळ्यांच्या चौकटीचीच ती आठवण होती. आज घरोघरीं वापरल्या जाणाऱ्या ‘वर्ड’मध्यें दोन्ही परंपरा शेजारीशेजारीं नांदतात. चित्र घातलें कीं प्रथम तें ओळींतच बसतें. संगणक त्याला एक भलें मोठें अक्षर समजतो. मागें शब्द वाढले तर तें अक्षरासारखें पुढें सरकतें. ओळींचें अंतर ठराविक मापाचें बांधून ठेवलेलें असेल तर चित्राची केवळ एक पट्टी दिसते, बाकीचें झांकलें जातें. पुष्कळ गृहस्थ येथें संगणकाला दोष देतात. दुसरी रीत ‘रॅप टेक्स्ट’ची. तिच्यांत चित्र मोकळें होतें, मजकूर त्याच्या कडेनें वळतो, आणि शिळाछापाचें गेलेलें स्वातंत्र्य परत मिळतें.

या मोकळ्या चित्रालाही एक नांगर असतो. ‘वर्ड’मध्यें त्याची खूण खरोखरच नांगराची आहे, विजयदुर्गासारख्या बंदरांतील माणसाला ती समजावून सांगावी लागू नये. नांगर ज्या परिच्छेदांत रुतलेला, त्या परिच्छेदाबरोबर चित्र पुढच्या पानावर जातें. परिच्छेद पुसला तर चित्रही नाहींसें होतें. १८९८ च्या हकीगतीचें चित्र १८६८ च्या परिच्छेदाला नांगरलें गेलें, तर नजरेला पान कितीही नेटकें दिसो, पुढच्या फेरफारांत तें चुकीच्याच संगतीला राहील.

चित्राखालची ओळ हा त्याहून नाजूक भाग. चित्र मोकळें आणि ओळ मजकुरांत, असें झालें कीं दोघांची ताटातूट ठरलेली. ज्यांना स्मरणिका वा शाळेचें हस्तलिखित करावयाचें आहे, त्यांनीं चित्र ओळींतच, स्वतंत्र परिच्छेदांत ठेवावें, त्याला ‘कीप विथ नेक्स्ट’ची आज्ञा द्यावी आणि लगेच खालीं नांवाची ओळ घालावी. चित्र लहानमोठें करतांना कोपरा धरावा. बाजू धरून ओढलें तर विजयदुर्गची तटबंदी शिलाहारांनींही बांधली नसेल एवढी उंच होते.

त्या ओळींत काय लिहावें? फेब्रुवारी १७५६ मध्यें वॉटसन व क्लाइव्ह यांनीं तुळाजी आंग्र्यांकडून हा किल्ला घेतला, त्या लढाईचें डॉमिनिक सेरेस यांनीं काढलेलें तैलचित्र प्रसिद्ध आहे. त्याखालीं केवळ ‘विजयदुर्गची लढाई, १७५६’ एवढेंच लिहिणें अपुरें. तें एका लंडनवासी चित्रकाराचें मागाहूनचें काम, हेंही तेथेंच यावें. ओट्यांच्या चित्राखालीं ‘लॉकियर यांची ग्रहणमोहीम, १८९८’ असें हवें. आणि १८६८ च्या परिच्छेदाला ओट्यांऐवजीं त्या पिवळ्या रेषेचा वर्णपट द्यावा. मात्र अंक काळ्या शाईंत छापावयाचा असेल तर ती रेषा राखाडी उमटेल. तेव्हां ‘डावीकडून अमुकवी रेषा, रंग पिवळा’ असें खालीं शब्दांत लिहावें.