मनोरुग्णालयापासून माजघरापर्यंत

निजामाच्या राज्यातले मनोरुग्णालय एकेकाळी जालन्याला होते, ही गोष्ट आज मराठवाड्यात क्वचितच निघते. 1953 मध्ये ते हैदराबादला, एर्रागड्ड्याला गेले. तीन वर्षांनी मराठवाडा मुंबई राज्यात आला, तेव्हा पदरात तेही उरले नव्हते. महाराष्ट्राची जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीची. मराठवाड्यातले त्यांत एकही नाही.

नेमक्या याच दशकात औदासीन्यावर औषध सापडले, तेही आडवाटेने. 1952 मध्ये न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात इप्रोनियाझिड घेणारे क्षयरोगी अनपेक्षितपणे उल्हसित दिसू लागले. 1957 मध्ये स्वित्झर्लंडच्या रोलांड कून यांनी इमिप्रामिनचा गुण प्रसिद्ध केला. गोळी घरी घेता येऊ लागली. 1982 चा राष्ट्रीय आणि 1996 चा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम याच शक्यतेवर उभे आहेत. मात्र वॉर्डातल्या परिचारिकेचे काम त्यामुळे कोणाकडे गेले, याची नोंद इतिहासात फारशी सापडत नाही. ते बायकोकडे, आईकडे, धाकट्या भावाकडे गेले.

हे काम वाटते तितके सोपे नाही. गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. तोवर तोंडाला कोरड, मळमळ, झोपेची उलथापालथ. म्हणून घरचेच म्हणतात, ‘सोड ती गोळी’. बरे वाटल्यावर तर हमखास म्हणतात. वास्तविक डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती एकाएकी थांबवायची नसते. पहिल्या खेपेलाही बरे वाटल्यानंतर निदान सहा महिने चालू ठेवावी लागते. काहींच्या बाबतीत अंगात हुशारी आधी येते आणि निराशा मागून जाते. म्हणून सुरुवातीचे आठवडे जास्त जपायचे. इमिप्रामिनसारख्या जुन्या गोळ्या जास्त प्रमाणात घातक ठरतात. त्या घरातल्या दुसऱ्याने सांभाळून रोजची तेवढीच हाती द्यावी.

जालन्यात कपाशीचे घर म्हणजे फवारणीच्या औषधाचे घर. श्रीलंकेने 1995 पासून अतिविषारी कीटकनाशके बाजारातून काढली आणि दहा वर्षांत तिथले आत्महत्यांचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. तो क्षण टळला की पुष्कळ माणसे वाचतात, याचा एवढा मोठा पुरावा दुसरा क्वचितच असेल. आजारपणाच्या काळात डबे घरात न ठेवता किल्ली दुसऱ्याकडे देणे, हेही औषधोपचारातच मोडते. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे सरळ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही; उलट माणूस मोकळा होतो.

पूर्वी या प्रश्नामागे पोलिसांची भीती असे. आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा, म्हणून दवाखान्यातही ‘चुकून पोटात गेले’ असेच सांगितले जाई. 29 मे 2018 पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या 115 व्या कलमाने असा माणूस तीव्र तणावाखाली होता असे गृहीत धरले आणि त्याची काळजी घेणे सरकारचे कर्तव्य ठरवले. ऑक्टोबर 2022 पासून टेली-मानसच्या 14416 या क्रमांकावर रात्रंदिवस मराठीत बोलता येते. रुग्णाने फोन केला नाही, तरी घरच्यांनी करावा.