वायुकोश

वायुकोश हे मानवी फुप्फुसांतील हवेचे सूक्ष्म कोश होत. नाकावाटे आत घेतलेली हवा घसा, स्वरयंत्र, श्वासनलिका आणि झाडाच्या फांद्यांप्रमाणे विभागत जाणाऱ्या श्वसनी यांतून अखेर येथे पोहोचते. इटालियन वैद्य मार्चेल्लो मालपिगी यांनी १६६१ मध्ये बेडकाच्या फुप्फुसाच्या निरीक्षणातून या कोशांचे व त्यांभोवतीच्या केशवाहिन्यांचे वर्णन केले.

रचना व कार्य

प्रौढ व्यक्तीत सुमारे ३० ते ५० कोटी वायुकोश असतात. प्रत्येकाचा व्यास साधारणतः ०.२ मिलिमीटर असला, तरी त्यांचे एकत्रित क्षेत्रफळ सुमारे ७० चौरस मीटर भरते. त्यांच्या अतिशय पातळ भित्तीतून ऑक्सिजन रक्तात जातो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर येतो. भित्तीतील काही पेशी पृष्ठताण कमी करणारा द्रव स्रवतात. त्यामुळे उच्छ्वासाच्या वेळी कोश मिटत नाहीत. हा द्रव गर्भावस्थेच्या अखेरच्या आठवड्यांत पुरेसा तयार होतो. म्हणूनच अकाली जन्मलेल्या बालकांना श्वास घेणे कठीण जाऊ शकते.

विकार

दीर्घकाळच्या धूम्रपानाने कोशांच्या भित्ती नष्ट होतात. अनेक लहान कोशांचा एक मोठा कोश बनतो, वायूंच्या देवाणघेवाणीचे क्षेत्र घटते आणि थोड्या श्रमानेही धाप लागते. या विकारास वातस्फीती म्हणतात. नष्ट झालेल्या भित्ती पूर्ववत होत नाहीत. मात्र धूम्रपान सोडल्यास पुढील हानी मंदावते.