‘संशयकल्लोळ’ नाटकाची वाटचाल

कै. गोविंद बल्लाळ देवल यांच्या नाट्यकृतींचा विषय निघाला की प्रथम ‘शारदे’चा गौरव होतो, आणि तो यथार्थच आहे. परंतु ‘संशयकल्लोळ’ हे निव्वळ करमणुकीचे नाटक म्हणून बाजूस सारले जाते, हे मात्र प्रस्तुत लेखकास मान्य नाही.

कथानकाचे मूळ फ्रान्सातील. मोलिएरने १६६० मध्ये संशयी पतीवर एक प्रहसन रचले. त्याचा आधार घेऊन आर्थर मर्फी याने १७६१ मध्ये ‘ऑल इन द राँग’ ही इंग्रजी सुखात्मिका लिहिली, आणि तिच्यावरून देवलांनी १८९३ च्या सुमारास ‘फाल्गुनराव’ हे गद्य नाटक सिद्ध केले. मूर्च्छित तरुणीस फाल्गुनराव सावरतो, ते त्याची पत्नी कृत्तिका पाहते; तेथेच पडलेली तसबीर ती न्याहाळत असता पतीच्या दृष्टीस पडते, आणि घोटाळ्यास प्रारंभ होतो. पात्रांस मास व नक्षत्रे यांची नावे देण्याची गंमत देवलांची स्वतःची.

पण खरा फेरफार निराळाच आहे. मर्फीची बेलिंडा प्रतिष्ठित गृहस्थाची कन्या. देवलांची रेवती नायकिणीची मुलगी, आणि अश्विनशेठ तिच्याशी रीतसर विवाह करू इच्छितो. इंग्रजी नाटकात प्रियकराचा संशय हा केवळ स्वभावदोष होय. येथे मात्र त्याच्या पाठीशी कुळावरून शील ठरविणारा सारा समाज उभा आहे. हसता हसता प्रेक्षक नकळत रेवतीचा पक्ष घेतो. कुळाचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे अवश्य ध्यानात घ्यावे.

१९१३ मध्ये स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीने पदांची जोड दिलेले हे नाटक १९१६ मध्ये रंगभूमीवर आणले. त्याच वर्षी जून महिन्यात देवल निवर्तले होते. आपल्या कृतीचे हे संगीत रूप पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. रेवती बालगंधर्वांची, फाल्गुनराव गणपतराव बोडसांचा. बोडस देवलांच्याच तालमीतले. त्यांचा फाल्गुनराव पुढे कित्येक नटांस कित्ता झाला. कालांतराने छोटा गंधर्वांच्या गायनाने अश्विनशेठची भूमिका पुढे आली आणि प्रयोगास मैफलीचा रंग चढू लागला. रसिकांस तेही प्रियच. तरीही फाल्गुनराव दुबळा पडला तर कितीही सुरेल गवई ते नाटक सावरू शकत नाही.