गहाण पडलेलं सोनं

घरातलं सोनं गहाण टाकायची वेळ आली की चारचौघांत बोलायचीही चोरी. १९९१ मध्ये ही वेळ देशावर आली, मंडळी! १९९० च्या ऑगस्टमध्ये इराक कुवेतमध्ये घुसला, तेलाचे भाव भडकले. पण माझ्या मते नुसत्या महाग तेलाने आपण इतके अडकलो नसतो. बाहेरच्या बँका अल्प मुदतीची कर्जं पुढे चालू ठेवेनात, अनिवासी भारतीय ठेवी काढू लागले. जेमतेम काही आठवड्यांच्या आयातीपुरतं परकीय चलन उरलं. जुलैत रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोनं मुंबईहून विमानाने धाडलं, तेव्हा कुठे साधारण ४० कोटी डॉलर हाती आले. म्हणून गंगाजळीचा आकडा वाचला की मी आधी विचारतो... यातले उद्या कुणी परत मागू शकेल असे किती?