परत फिरलेल्यांची नोंद

शेरलॉक होम्सला त्याच्या जन्मदात्याने मारून टाकलं, ते १८९३ च्या डिसेंबरात. स्वित्झर्लंडमधल्या रायखेनबाख धबधब्याच्या कड्यावरून मॉरियार्टीबरोबर होम्सही खाली गेला, हे वाचून लंडनचे वाचक हळहळले, संतापलेही. पण त्या हिवाळ्यात हा जन्मदाता, म्हणजे आर्थर कॉनन डॉयल, काय करत होता? तो स्वित्झर्लंडमध्येच होता आणि बर्फात तोंडावर आपटत होता. पत्नीला क्षय झालेला, कोरडी थंड हवा मानवेल म्हणून कुटुंबाचा मुक्काम दावोस या गावी. तिथे डॉयलने स्की आणवल्या. आठ फूट लांब, चार इंच रुंद अशा एल्म लाकडाच्या दोन फळ्या, पुढचं टोक वर वळवलेलं, मधोमध पाय अडकवायला पट्टे.

दावोसमध्ये टोबियास आणि योहान ब्रांगर असे दोघे भाऊ होते. नॉर्वेचं हे खूळ त्यांनीही उचललं होतं. लोक हसतात म्हणून हे दोघे दिवेलागणीनंतर अंधारात सराव करत. १८९३ मध्ये त्यांनी माइनफेल्डर फुर्का नावाची खिंड स्कीवर ओलांडून पलीकडचं आरोसा गाव गाठलं. पुढच्या वर्षी, मार्च १८९४ मध्ये, डॉयलला बरोबर घेऊन ते पुन्हा निघाले. खिंडीची उंची सुमारे २,४०० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईवर अजून निम्मं कळसूबाई ठेवलं तर होईल तेवढी. पहाटे अंधारात निघालेली ही त्रिमूर्ती दुपारपर्यंत आरोसात पोचली. उतरताना डॉयलच्या स्की हातच्या सुटून पुढे गेल्या आणि साहेब ट्वीडच्या विजारीवर बसून घसरत आले. हॅरिस ट्वीड कधी झिजत नाही, हा आपल्या शिंप्याचा सिद्धान्त प्रयोगाअंती टिकला नाही, अशी तक्रार त्याने नंतर ‘स्ट्रँड’ मासिकात मजेत लिहिली. एक दिवस शेकडो इंग्रज केवळ स्कीसाठी इथे येतील, हेही त्याने त्याच लेखात लिहून ठेवलं. ते खरं ठरलं.

त्या काळी वर न्यायला पाळणे नव्हते, दोरगाड्या नव्हत्या. जितकं चढाल तितकंच उतरायला मिळणार. आजही जगभर गिर्यारोहकांची एक जात अशी आहे, की पाळण्याच्या रांगेत उभी राहत नाही. पाठीवर सॅक घेऊन, आखलेल्या धावपट्ट्या सोडून, कोऱ्या बर्फातून स्वतःच्या पायांनी चढते आणि मग उतरते. चढताना स्की मागे घसरत कशी नाही, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. मांजराच्या पाठीवरून हात डोक्याकडून शेपटीकडे फिरवा, मऊ लागतं. उलटा फिरवा, केस आडवे येतात (आणि मांजरही). स्कीच्या तळाला पूर्वी सीलचं कातडं लावत, आता मोहेरचे किंवा नायलॉनचे पट्टे लावतात. पुढे सरकतं, मागे अडतं. अलीकडची मुलं तर अख्खी पाटी उभी चिरून दोन भाग करतात. चढताना त्या दोन स्की होतात, माथ्यावर पुन्हा जोडून एकच पाटी होते. तिला स्प्लिटबोर्ड म्हणतात. मी स्वतः सह्याद्रीतला माणूस, कातळाला हात लावला की बरं वाटणारा. स्कीवर आयुष्यात एकदाच उभा राहिलो आणि पडलो किती वेळा ते मोजलं नाही. पण या लोकांच्या इतिहासाची मला गोडी लागली ती एका वेगळ्याच कारणाने. ते शेवटी सांगतो.

या इतिहासाची पुस्तकं उघडली की ‘पहिला’ हा शब्द फार भेटतो. १८८८ मध्ये नान्सेनने स्कीवरून ग्रीनलंड पार केलं. जानेवारी १८९७ मध्ये विल्हेल्म पाउल्के आणि त्याच्या साथीदारांनी बर्नच्या उंच हिमनद्या ओलांडल्या. १९०३ मध्ये डॉक्टर मिशेल पायो आणि त्यांचे सोबती शामोनीहून झेरमाटपर्यंत पोचले. सगळ्या नोंदी पोचलेल्यांच्या. आणि दुसरी यादी गाडल्या गेलेल्यांची. मधले लोक, म्हणजे उतारापाशी थांबून, बर्फ पाहून, मागे वळलेले, हे कुठल्याच यादीत नाहीत. वास्तविक या विद्येतला सगळ्यात कठीण भाग त्यांनीच केलेला असतो.

ही विद्या आली कशी, ते पाहण्यासारखं आहे. ऑस्ट्रियात लिलिएनफेल्ड गावाजवळ माथियास झ्डार्स्की नावाचा एक हरहुन्नरी, हट्टी गृहस्थ राहत असे. नान्सेनची हकीकत वाचून त्याने नॉर्वेहून स्की मागवल्या आणि त्याच्या लक्षात आलं, की त्या तिथल्या लांबलचक पठारांना बऱ्या, आल्प्सच्या तीव्र उतारांना नाहीत. त्याने स्की आखूड केली, पाय बांधायची पोलादी बांधणी स्वतः घडवली, हातात एकच काठी घेऊन वळणं घेत उतरायची पद्धत बसवली. ही पद्धत शिकवणारं पुस्तक लिहिलं. १९०५ मध्ये वळणावळणाची शर्यतही भरवली. पुढे पहिलं महायुद्ध आलं. आल्प्सच्या शिखरांवर ऑस्ट्रिया आणि इटलीची सैन्यं समोरासमोर बसली आणि गोळ्यांच्या जोडीला बर्फही माणसं मारू लागला. १३ डिसेंबर १९१६ या एका दिवशी मार्मोलादा पर्वतावर कोसळलेल्या बर्फाखाली एका छावणीतले अडीचशेच्या वर ऑस्ट्रियन सैनिक गेले.

झ्डार्स्की सैन्याला हिमस्खलनाबद्दल सल्ला द्यायचं काम करत होता. २८ फेब्रुवारी १९१६. साठी पुरी होऊन तीन दिवस झालेले. गाडल्या गेलेल्या सैनिकांच्या शोधाला गेलेला असताना वरून दुसरा लोंढा आला आणि हा जाणकारच त्यात सापडला. शरीरात सुमारे ऐंशी ठिकाणी हाडं मोडली किंवा सांधे निखळले. तरी हा माणूस जगला. वर्षानुवर्षं स्वतःच्याच युक्तीने व्यायामाची साधनं तयार करून अंग सरळ केलं, पुन्हा स्कीवर उभा राहिला आणि १९४० पर्यंत जगला. मला मात्र त्याच्या जिद्दीपेक्षा दुसरी गोष्ट लागून राहते. त्या काळात युरोपात बर्फ याच्याइतका ओळखणारी माणसं बोटांवर मोजण्यासारखी होती. ओळख असून पुरलं नाही.

नुसती नजर पुरत नाही म्हटल्यावर मोजमाप आलं. आणि ते आलं पुन्हा दावोसमध्येच. गावाच्या डोक्यावर वाइसफ्लुयोख नावाची जागा आहे, अडीच हजार मीटरच्या वर. १९३६ च्या हिवाळ्यात काही संशोधकांनी तिथे बर्फातच प्रयोगशाळा थाटली. कुणी स्फटिकांचा अभ्यासक, तर रॉबर्ट हेफेलीसारखा कुणी माती आणि पायांचा इंजिनिअर. १९३९ मध्ये त्यांनी ग्रंथ प्रसिद्ध केला, तो बर्फाच्या रूपांतरावर. पडलेला बर्फ स्वस्थ बसत नाही, हे त्यांच्या कामाचं सार. जमिनीलगत तो शून्याच्या आसपास उबदार असतो, वरची हवा कडक थंड. त्यामुळे वाफ खालून वर सरकते आणि आतले कण बदलून टोकदार, सुटे, साखरेसारखे होतात. त्यावर नवा बर्फ पडतो, वाऱ्याने दाबला जातो, त्याचा पाट तयार होतो. ताटात साखर पसरून वर पाट ठेवा आणि ताट कलतं करा, म्हणजे कळेल. तीस ते पंचेचाळीस अंशांचा उतार, म्हणजे स्कीवाल्याला हवाहवासा वाटणारा नेमका तोच उतार, या पाटालाही सोयीचा असतो. वरून दिसतं ते फक्त शुभ्र, गुळगुळीत, निष्पाप. आणि हा पाट बहुतेक वेळा आपोआप सुटत नाही. मेलेल्या दहा स्कीवाल्यांपैकी नऊ जणांच्या बाबतीत तो त्यांनी स्वतः किंवा त्यांच्याच सोबत्याने सोडवलेला असतो.

पुढे साधनं आली. पूर्वी लाल दोरी मागे सोडून चालत, म्हणजे माणूस गाडला गेला तरी दोरीचं टोक दिसावं. १९६८ मध्ये अमेरिकेत खिशात मावणारं संदेशयंत्र निघालं, गाडलेल्याचा ठावठिकाणा सांगणारं. त्याची घाई का, ते आकडे सांगतात. पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलं तर दहांतले नऊ जगतात. अर्ध्या तासाने तिघे. माझं हे भाषण संपेपर्यंत जेवढा वेळ लागेल, तेवढाच काय तो त्यांच्या हातात असतो.

याला अपवादही आहे आणि तो आपल्याच देशातला. फेब्रुवारी २०१६ मध्ये सियाचीनवर साडेएकोणीस हजार फुटांवरच्या ठाण्यावर बर्फ कोसळून दहा जवान गाडले गेले. त्यात आपल्या सातारा जिल्ह्यातला एक होता. सहा दिवसांनी लान्स नायक हणमंतप्पा कोप्पद जिवंत सापडले, साऱ्या देशाने श्वास रोखला, पण ११ तारखेला तेही गेले. आपल्याकडे या विषयाचा अभ्यास १९६९ पासून मनालीत सुरू आहे, सैन्याच्या गरजेपोटी. म्हणजे आपण अडाणी आहोत असं नाही. तरीही ४ ऑक्टोबर २०२२ ला उत्तराखंडात द्रौपदी का डांडा या शिखरावर प्रशिक्षणाची तुकडीच सापडली आणि सत्तावीस जणांचे मृतदेह काढावे लागले. त्यात शिकवणारी सविता कंसवाल होती. त्याच वर्षीच्या मे महिन्यात तिने एव्हरेस्ट आणि मकालू सोळा दिवसांच्या आत चढली होती.

मग माहीत असून माणूस का जातो? अमेरिकेतली एक घटना मी पुन्हा पुन्हा वाचली आहे. १९ फेब्रुवारी २०१२, वॉशिंग्टन राज्यातली टनेल क्रीक नावाची दरी. सोळा जण उतरायला जमले. व्यावसायिक स्कीपटू, स्कीवर लिहिणारे पत्रकार, तो डोंगर पाठ असलेले स्थानिक. धोक्याची सूचना अनेकांनी वाचलेली, यंत्रं अंगावर. तिघे मेले. नंतर वाचलेल्यांपैकी काहींनी सांगितलं, की मनात शंका होती. पण इतके जाणते बरोबर असताना आपण कोण बोलणार? हे वाचताना मला आमचाच ग्रुप दिसला. पावसाळ्यात फुगलेल्या ओढ्यासमोर दहा जण उभे असतात, दहाही जणांना वाटतं की नको. आणि पहिला पाय कुणीतरी टाकतोच.

आता माझं कारण. १९८६ च्या मे महिन्यात मी गढवालमध्ये एका शिबिरात होतो. शेवटच्या आदल्या दिवशी शिखराची चढाई. रात्री दोनला निघालो, पण तुकडी मोठी, दोर अडकले, उशीर झाला. माथ्याखालच्या उतारापाशी आलो तेव्हा नऊ वाजले होते आणि त्यावर ऊन आलं होतं. माथा तासाभरावर, आभाळ स्वच्छ. आमचे उस्ताद पुढे झाले. त्यांनी आइस ॲक्सचा दांडा बर्फात दाबला, तो जोर न लावता मुठीपर्यंत गेला. पाऊल टाकलं, ते मांडीपर्यंत गेलं. ते परत आले, गॉगल पुसला आणि म्हणाले, “आज नहीं.” एवढंच.

आमच्यातल्या एकाने बिनपगारी रजा काढली होती. एकाची ही तिसरी खेप होती. उतरताना कुणी कुणाशी बोललं नाही. मागून कुणीतरी ‘डरपोक’ हा शब्द उस्तादांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात उच्चारला. तो मी नव्हतो, पण मी गप्प राहिलो, आणि मलाही तसंच वाटत होतं.

छावणीतून तो उतार दिसत असे. दुपारभर आम्ही चहाचे मग घेऊन तिकडे पाहत बसलो. खरं सांगायचं तर, तो कोसळावा असं काहींना वाटत होतं, म्हणजे निदान हिशेब तरी लागला असता. तो कोसळला नाही. संध्याकाळी सावली आली, उतार निळा पडला, आणि तो आहे तिथेच होता. उस्ताद एकदाही बाहेर येऊन तिकडे बघायला थांबले नाहीत. ते स्टोव्हला पिन मारत बसले होते.

शिबिराच्या वहीत त्या तारखेपुढे एकच शब्द लिहिलेला मी पाहिला: ‘असफल’.