जागेवर वाढलेलं रान कधी काढावं?

मे महिन्यात चाकरमानी गावी येतात तेव्हा वर्षभर बंद असलेल्या जागेत शिरायला वाटही उरलेली नसते. घाणेरी, रानमोडी आणि करवंदीच्या जाळ्यांनी बांध गिळलेला असतो. हातात सुट्टीचे चार दिवस, म्हणून जेसीबी बोलावला जातो आणि संध्याकाळपर्यंत जागा लख्ख होते. पुढच्या मे महिन्यात मात्र तिथे पुन्हा तेवढंच रान उभं असतं, कधी आधीपेक्षा दाट. पैसे वाया जातात ते बहुतेक वेळा चुकीच्या महिन्यामुळे.

मे महिना का चुकीचा?

उन्हाळ्यात जमीन दगडासारखी टणक असते. कोयती असो की यंत्र, वरचा भाग तुटतो आणि मुळं आतच राहतात. पहिल्या पावसाबरोबर त्या खुंटांना धुमारे फुटतात. जमीन उकरली गेल्यामुळे मातीत पडून राहिलेल्या बियांनाही ऊन आणि ओलावा मिळतो.

दुसरं नुकसान मातीचं. कोकणात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पावसाच्या तोंडावर उताराची जमीन उघडी केली, तर वरचा सुपीक थर वाहून जातो.

तिसरा धोका वणव्याचा. तोडलेलं रान ढीग करून पेटवलं आणि वारा सुटला, तर शेजारची आंबा-काजूची बाग एका दुपारीत होरपळते.

मग योग्य वेळ कोणती?

पाऊस थांबल्यापासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे साधारण दसरा ते दिवाळीच्या आसपास. जमिनीत ओल असते, त्यामुळे कुदळ किंवा टिकावाने मुळं सहज निघतात. गवत पूर्ण वाळलेलं नसल्याने आगीची भीती कमी असते. बागायतदारही याच सुमारास बागेची बेणणी करतात. पुढे काजूच्या बिया खाली पडायला लागल्या की स्वच्छ जमिनीवर त्या वेचणं सोपं जातं.

कोणत्या झुडपाला कोणता महिना?

रानमोडी: हिवाळ्यात फुलते आणि त्यानंतर तिच्या हलक्या बिया वाऱ्यावर उडतात. त्यामुळे फुलं येण्याआधीच ती उपटावी. फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडली, तर तोडणाराच बिया पसरवतो.

घाणेरी: शोभेचं झुडूप म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतात आणली गेली. नुसती छाटली की ती अधिक दाट फुटते. दिल्ली विद्यापीठातील प्राध्यापक सी. आर. बाबू आणि सहकाऱ्यांनी सुचवलेल्या पद्धतीत तिचं मुख्य मूळ जमिनीच्या किंचित खाली तोडून संपूर्ण झुडूप उलटं ठेवतात, म्हणजे ते पुन्हा रुजत नाही. ओल्या जमिनीत हे काम हलकं होतं. फळं पिकली की पक्षी बिया दूरवर नेतात, म्हणून त्याआधी उरकावं.

गाजरगवत: याला मात्र ऑक्टोबरची वाट पाहू नये. पावसाळ्यात, पांढरी फुलं येण्याआधी ते मुळासकट उपटावं. त्याने अंगाला खाज आणि दम्याचा त्रास होऊ शकतो, त्यामुळे हातमोजे आणि तोंडावर फडकं हवंच.

करवंद: सरसकट काढू नये. हद्दीवरची जाळी कुंपणाचं काम करते, माती धरते आणि उन्हाळ्यात फळंही देते.

काम सुरू करण्यापूर्वी

गच्च झुडपांत फुरसे, घोणस, नाग, मण्यार यांपैकी कोणताही साप असू शकतो. गमबूट घालावेत, आधी लांब काठीने झुडूप हलवावं आणि दिसत नाही तिथे हात घालू नये. पावसाळ्यानंतर गवतातल्या बारीक किड्यांमुळे स्क्रब टायफसचा तापही येतो. त्यामुळे पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, काम संपल्यावर अंघोळ करावी आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आल्यास डॉक्टरांना रान काढल्याचं सांगावं. सिंधुदुर्गात २०१६ मध्ये माकडतापाची साथ आली होती. गोचिडीमुळे होणारा हा आजार मुख्यतः जानेवारी ते मे या काळात आढळतो. त्या भागात रान डिसेंबरआधी काढण्याचं हे आणखी एक कारण.

झुडूप आणि झाड यांत कायदा फरक करतो. साग, खैर, आंबा, फणस यांसारखी झाडं स्वतःच्या जमिनीत असली, तरी ती तोडण्यासाठी १९६४ च्या वृक्षतोड कायद्यानुसार परवानगी लागते. रानात लपलेली अशी झाडं आधी चुन्याने खूण करून ठेवावीत.

एकदा काढून भागतं का?

नाही. मातीतल्या बिया पुढच्या पावसात उगवतातच. जुलैमध्ये एक फेरी मारून कोवळी रोपं उपटली, तर दोन-तीन वर्षांत जोर ओसरतो. तोडलेलं रान जाळण्याऐवजी बिया नसलेला पाला झाडांच्या बुंध्याभोवती पसरावा. मोकळी जमीन तशीच ठेवू नये. तिथे चवळी, कुळीथ किंवा चाऱ्याचं गवत लावलं, तर रानाला जागा मिळत नाही.

आणि सुट्टी मे महिन्यातच असेल तर? तेव्हा फक्त जाण्या-येण्याची वाट आणि घराभोवतीचा पट्टा कोयतीने मोकळा करावा. उतारावरची मुळं तशीच राहू द्यावीत. जेसीबीचे पैसे राखून ठेवून मुळं काढण्याचं काम दसऱ्यानंतर गावातल्याच माणसांना द्यावं.